सोडलेली जागा

नाशिकमध्ये संगणक बिघडला की पहिले औषध खोडरबर. ‘डिस्प्ले येत नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात येतो. कारागीर कॅबिनेटची बाजू उघडतो, रॅमची काडी उपसतो, तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासतो, फुंकर मारतो आणि काडी परत खाचेत बसवतो. बऱ्याचदा मशीन चालू होते. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडून आलेल्या मशीनना हा उपाय विशेष लागू पडतो, कारण दमट हवेत पट्ट्यांवर थर चढतो. मीही पहिली काही वर्षे हेच करत आलो. रॅम एक तर चालते, नाही तर चालत नाही, एवढेच मला ठाऊक होते. या दोन्हींच्या मध्ये आणखी एक अवस्था असते, जिच्यात रॅम चालते आणि चुकतेही, हे कळायला मला एक मे महिना लागला.

माझा एक मित्र लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. त्याचे मशीन मी जानेवारीत जुळवून दिले. इथली जानेवारी म्हणजे पहाटे स्क्रूड्रायव्हर हातात धरवत नाही अशी थंडी. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवतात. त्या थंडीत मी रॅमचा वेग वाढवला, टायमिंग आवळले आणि रात्रभर चाचणी लावून ठेवली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते. मशीन त्याच्या घरी पोचवले आणि मी ते विसरून गेलो. मे महिन्यात त्याचा फोन आला. एका लग्नातले काही फोटो अर्धे राखाडी झाले होते, काहींवर जांभळे पट्टे उमटले होते. मशीन एकदाही हँग झाले नव्हते, ब्लू स्क्रीन आला नव्हता. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो रॅममध्ये आले, तिथून डिस्कवर गेले आणि त्या दोन पावलांच्या मध्ये कुठेतरी काही बिट बदलले. कार्डे तोवर पुसून पुढच्या लग्नात वापरून झाली होती. त्या जोडप्याची सप्तपदी पुन्हा होणार नव्हती. मी मित्राबरोबर त्यांच्या घरी गेलो, चूक माझी आहे असे सांगितले आणि माफी मागितली. या पुस्तकाची पहिली टिपणे त्याच रात्री केलेली आहेत.

अंबड किंवा सातपूरच्या टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला ओव्हरक्लॉकिंग समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. लेथवर जॉब लावला आणि तक्त्यात दिलेल्या आरपीएमपेक्षा जास्त फिरवला, तर काम लवकर उरकते. थोडा वेळ सगळे ठीक चालते. मग टूल तापते, धार जाते आणि मायक्रोमीटर लावला तर माप दोन-तीन शतांश मिलिमीटरने सरकलेले निघते. जॉब दिसायला चकचकीतच असतो, रिजेक्ट होतो तो तपासणीच्या टेबलावर. पण तक्त्यातला आरपीएम हा त्या टूलचा शेवटचा दम नसतो, हेही तो माणूस जाणतो. तक्ता करणाऱ्याने खराब मटेरियल, कमी पडलेले कूलंट, झिजलेले बेअरिंग या सगळ्यांसाठी थोडी जागा सोडलेली असते. रॅमच्या काडीवर छापलेला आकडा याच जातीचा आहे. कारखान्याला प्रत्येक काडी वेगळी तपासून तिचा स्वतंत्र वेग ठरवणे परवडत नाही. उणीपुरी काडीसुद्धा उन्हाळ्यात, हलक्या विजेवर, काही वर्षे वापरून झाल्यावर चालावी, असा आकडा तो छापतो. त्यामुळे चांगल्या काडीत बरीच जागा शिल्लक राहते. ती जागा वापरणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि ती ज्यासाठी सोडली होती ते सगळे त्यानंतर आपल्या अंगावर येते. या पुस्तकाची सगळी प्रकरणे या एका गोष्टीभोवती फिरतात.

ही जागा नेमकी कुठे असते हे कळण्यासाठी रॅमच्या पोटात उतरावे लागते. १९६६ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना सुचले की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढे पुरेसे आहे. १९६८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही १०२४ बिटांची डायनॅमिक रॅम बाजारात आणली. तिच्या पेशीत अजून तीन ट्रान्झिस्टर होते, पण काही वर्षांतच डेनार्ड यांची रचना सगळीकडे पसरली. आज आपल्या टेबलावरच्या मशीनमध्ये, लॅपटॉपमध्ये, खिशातल्या फोनमध्ये तीच आहे.

डेनार्ड यांची पेशी म्हणजे पाण्याचा माठ. भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. घरातल्या माठाचा पाझर हा त्याचा गुण, त्यानेच पाणी गार होते. इथला पाझर मात्र निव्वळ नुकसान. १६ जीबीच्या काडीत असे सुमारे १३,७४४ कोटी माठ असतात आणि ते सगळे अहोरात्र पाझरत असतात. म्हणून मेमरी कंट्रोलर रांगेरांगेने फिरून भरलेले माठ पुन्हा काठोकाठ करतो, रिकामे रिकामेच ठेवतो. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४ च्या प्रमाणानुसार ६४ मिलिसेकंदांत सगळ्या रांगांवरून एक फेरी व्हायला हवी. ती ८१९२ हप्त्यांत वाटलेली असते, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक हप्ता. ८ गिगाबिटच्या चिपला एका हप्त्यासाठी ३५० नॅनोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ ती दुसरे काही करत नाही. हिशेब केला तर साडेचार टक्के वेळ पाणी भरण्यातच जातो. तापमान वाढले की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर फेऱ्या दुप्पट कराव्यात, असे प्रमाणातच लिहून ठेवले आहे.

आता मी जानेवारीत काय केले ते सांगतो. बायोसमध्ये टी-रेफी नावाचा एक रकाना असतो. दोन हप्त्यांमधले अंतर त्यात घड्याळाच्या ठोक्यांत भरायचे असते. ३६०० च्या रॅमला ७.८ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे १४,००० ठोके. मी तिथे मावेल तेवढा मोठा आकडा भरला, ६५,५३५. हप्त्यांमधले अंतर ३६ मायक्रोसेकंदांवर गेले आणि पूर्ण फेरीला ६४ ऐवजी जवळजवळ ३०० मिलिसेकंद लागू लागले. साडेचार टक्क्यांतला बहुतेक वेळ मोकळा झाला, बेंचमार्कचा आकडा वर गेला. थंडीत माठांनी ३०० मिलिसेकंद तग धरला. सगळे माठ एकसारखे नसतात, कोट्यवधींतले काही जन्मतःच जास्त गळके असतात आणि ६४ मिलिसेकंदांची मर्यादा त्यांचाच विचार करून घातलेली आहे. मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, बाहेर पारा चाळिशीला आणि शेजारी ग्राफिक्स कार्ड धगधगत असताना, ते गळके माठ फेरी येण्याआधीच उतरले. फोटोंवरचे पट्टे असे उमटले. इतर काही आवळले नसते तरी हा एक आकडा पुरेसा होता.

माठ नुसते पाझरत नाहीत, वाचतानाही रिकामे होतात. वाचले की पुसले जाते आणि मग पुन्हा लिहावे लागते, हा स्मृतीचा स्वभाव डेनार्ड यांच्या आधीपासूनचा आहे, आणि आपल्या महाराष्ट्राला त्याची ओळख लवकर झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशात रचलेला एक संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि स्मृती होती फेराइटच्या बारीक कड्यांची. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघे १० केबी. कडे एका दिशेने चुंबकित असले तर एक, उलट दिशेने असले तर शून्य. त्यात काय आहे ते वाचायचे तर कडे शून्याकडे ढकलून पाहावे लागे, त्यामुळे वाचताक्षणी मजकूर पुसला जाई आणि त्याच फेरीत तो पुन्हा लिहावा लागे. आज १६ जीबीची रॅम टिफ्रॅकच्या सुमारे पावणेसतरा लाख पट आहे. तिच्यातही माठातले पाणी मोजायचे तर ते ओतूनच पाहावे लागते आणि मोजून झाले की परत भरावे लागते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. टायमिंगचे आकडे जादूचे वाटणाऱ्या मुलांना एकदा हे कळले की त्यातले निम्मे गूढ उकलते.

टायमिंग समजण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडले ते तलाठी कार्यालय. जुन्या सातबाऱ्याची नक्कल हवी असते. कपाटात गावागावांची दप्तरे बांधून ठेवलेली असतात. आधी त्या गावाचा गठ्ठा काढून टेबलावर सोडावा लागतो. याला लागणारा वेळ म्हणजे टी-आरसीडी. गठ्ठा सुटला की त्यातला गट नंबर शोधून नोंद वाचायची. हा वेळ म्हणजे सीएल, काडीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा. त्याच गावाची दुसरी नोंद हवी असेल तर काम पटकन होते, गठ्ठा समोरच असतो. दुसऱ्या गावाची हवी असेल तर आधी पहिला गठ्ठा नीट बांधून कपाटात ठेवायचा, हा झाला टी-आरपी. आणि गठ्ठा एकदा सोडला की तो किमान किती वेळ टेबलावर राहिला पाहिजे, तो टी-रॅस. हा चौथा आकडा नवशिक्यांना निरर्थक वाटतो आणि ते तो बेदरकारपणे कमी करतात. वर सांगितलेली गोष्ट इथे लागू होते. गठ्ठा सोडताच त्यातली शाई पुसली जाते अशी कल्पना करा, आणि कारकुनाने ती जशीच्या तशी पुन्हा लिहून काढल्याशिवाय गठ्ठा बांधता येत नाही. त्याच्याकडून घाईने गठ्ठा हिसकावला तर कपाटात अर्धवट नोंद जाते. ती लगेच कुणाच्या लक्षात येत नाही. पुन्हा कधीतरी कोणी ती नक्कल मागायला येते, तेव्हा कळते.

हे सगळे आकडे ठोक्यांत असतात आणि ठोका किती लांबीचा हे वेगावर ठरते, म्हणून खोक्यावरचा आकडा एकटा वाचला तर फसगत होते. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोन वेळा माहिती, तेव्हा ३२०० च्या रॅमचे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते. सीएल १६ म्हणजे १६ ठोके, बरोबर १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८ घ्या, १० नॅनोसेकंदच. डीडीआर५ ची ६००० ला सीएल ३० वाली महाग काडी घ्या, तरीही १०. आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीची डीडीआर ४०० ची सीएल २ वाली काडी? तिचेही १० नॅनोसेकंद. पहिली नोंद हातात पडायला लागणारा वेळ दोन दशके जवळजवळ जागचा हललेला नाही, कारण माठ तोच आणि त्यातले पाणी ओतून मोजायची रीतही तीच. वाढला तो प्रवाह. एका चॅनलमधून तेव्हा सेकंदाला ३.२ जीबी जात, आज ६००० च्या काडीतून ४८ जातात. गिऱ्हाईक दुकानात ‘जास्त मेगाहर्ट्झवाली’ काडी मागते तेव्हा त्याला वाट पाहण्याचा वेळ कमी करायचा आहे की प्रवाह मोठा करायचा आहे, हे विचारणारा दुकानदार मला फार थोड्या वेळा भेटला. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण याच हिशेबाचे आहे. ते कागद-पेन्सिल घेऊन वाचावे.

नाशिकमध्ये आजवर मी जेवढी मशीन उघडली, त्यांतल्या कित्येकांना ओव्हरक्लॉकिंगची गरजच नव्हती. त्यांचा हक्काचा वेगही त्यांना मिळत नव्हता. एकच ८ जीबीची काडी लावून मशीन विकलेले असते, त्यामुळे दोनपैकी एक चॅनल रिकामा. अशा वेळी जोडीची दुसरी काडी लावली की प्रवाह थेट दुप्पट होतो, कुठलीही हिकमत न करता. दोन काड्या शेजारशेजारच्या खाचांत बसवलेल्या असतात, तर चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. आणि सर्वांत जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे खोक्यावर ३२०० छापलेले असते आणि काडी २४०० किंवा २६६६ ने चालत असते. वाढीव वेगाची माहिती काडीवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेली असते. इंटेलने २००७ मध्ये तिला एक्सएमपी म्हटले, एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी एक्स्पो आणले. बायोसमध्ये जाऊन ती चालू केल्याशिवाय काडी आपल्या सर्वसाधारण वेगानेच धावते. एकदा चालू केलेली प्रोफाइल टिकेलच असेही नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरला आणि वीज गेली की बायोस सगळे विसरतो. लोडशेडिंगच्या वर्षांत हे आमच्याकडे रोजचे होते. मशीनमधली तारीख मागे गेलेली दिसते, माणूस तारीख दुरुस्त करतो, आणि रॅम हळू झाली आहे हे त्याला कळत नाही. पुढे वर्षभर तो ‘मशीन स्लो झाले’ म्हणून फॉरमॅट मारून घेत राहतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग लिहिलेला असतो. हे पान वाचून झाल्यावर तेवढे जरूर पाहावे.

या सगळ्यानंतरही वेग वाढवावासा कुणाला वाटतो? मला सर्वांत जास्त फायदा दिसला तो स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये. तिथे प्रोसेसरमधलीच चित्रप्रणाली मुख्य रॅममधून पाणी ओढते आणि प्रवाह हीच तिची मर्यादा असते. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डे मिळेनाशी झाली, मिळाली तर किमती ऐकून घरचे गप्प बसत. तेव्हा इंजिनिअरिंगच्या कितीतरी मुलांनी अशाच मशीनवर थ्रीडीचे प्रकल्प केले. दोन काड्या आणि नीट बसवलेला वेग यांनी त्यांचे काम खरोखर सोपे केले. एएमडीच्या डीडीआर४ वर चालणाऱ्या रायझनमध्ये आणखी एक लाभ असतो. प्रोसेसरच्या तुकड्यांना जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळाशी एकास एक चालली तर वाट पाहणे कमी होते आणि ३६०० च्या आसपास हा मेळ सहज जमतो. त्यापुढे नुसता वेग चढवला तर मेळ तुटतो आणि मशीन उलट मंदावते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे कारखान्यांचा माल वळल्यामुळे साध्या काड्या दुर्मीळ झाल्या. असलेल्या काड्यांतून जास्त काढण्याची इच्छा त्यामुळे पुष्कळांना झाली आहे आणि ती रास्त आहे.

ज्याने करू नये त्याच्याविषयी मात्र मला ठाम बोलायचे आहे. ज्या मशीनवर टॅली चालते, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट निघतात किंवा सीएनसीचे प्रोग्रॅम तयार होतात, त्याच्या रॅमला हात लावू नये. एक बिट उलटल्याने काय होते याचे नोंदलेले उदाहरण बेल्जियमचे आहे. मे २००३ मध्ये ब्रुसेल्समधल्या स्कारबीकमध्ये इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त पडली. तिला मिळणे शक्य होती त्यापेक्षा ती अधिक भरली, म्हणून गफलत उघड झाली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजेच शून्याचा एक झालेला नेमका एक बिट. कार्यक्रमात दोष सापडला नाही तेव्हा स्मृतीतला बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. तिथे कुणी ओव्हरक्लॉकिंग केलेले नव्हते. प्रमाणात चालणारी रॅमही अधूनमधून चुकते. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये किमान एकदा तरी दुरुस्त करण्याजोगी चूक आढळली होती. त्या सर्व्हरांत ईसीसी रॅम असते, जी एक बिट चुकला तर तो ओळखून दुरुस्त करते. १९५० मध्ये बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी मांडलेल्या गणिताची ही पुढची पायरी. आपल्या घरच्या मशीनमध्ये ईसीसी रॅम सहसा नसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट बदलला तर तिला पत्ता लागत नाही, आणि वेग वाढवल्यावर ताण याच वाटेवर येतो.

व्होल्टेजविषयी थोडक्यात. डीडीआर४ ची काडी १.२ व्होल्टसाठी बनलेली असते, बहुतेक एक्सएमपी प्रोफाइल ती १.३५ वर नेतात, डीडीआर५ चे प्रमाण १.१ आहे. मला भीती वाटते ती काडीच्या व्होल्टेजपेक्षा मदरबोर्ड त्याबरोबर गुपचूप वाढवतो त्या व्होल्टेजची. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याची छायाचित्रे जगभर पसरली. एक्स्पो चालू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने नव्या बायोसमधून ती मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली. वापरणाऱ्याने प्रोफाइल चालू करण्यापलीकडे काहीही केलेले नव्हते. त्यामुळे या पुस्तकात कुठेही ‘ऑटो’ ठेवा असा सल्ला व्होल्टेजच्या रकान्यासाठी दिलेला नाही. प्रत्येक ठिकाणी आकडा लिहायला सांगितला आहे.

चाचणीवर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली. मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिला आणि आजही सुरुवात त्यानेच करावी, कारण तो विंडोजच्या बाहेर, पेनड्राइव्हवरून चालतो, त्यामुळे चूक झाली तरी डिस्कवरची माहिती बिघडत नाही. पण तेवढ्याने भागत नाही. तो चालताना ग्राफिक्स कार्ड थंड असते, प्रोसेसरही पूर्ण तापत नाही. माझी जानेवारीची रात्र अशीच गेली होती. दुसरी फेरी विंडोजमध्ये, मशीन सगळ्या अंगाने तापवून घ्यायची, आणि तिसरी उन्हाळ्यात. चुकांचा रकाना शून्य असला तरच मशीन पास. ‘आठ तासांत एकच चूक आली, चालेल का?’ असे मला फोनवर बरेच जण विचारतात. चालत नाही. आठ तासांत एक म्हणजे दिवसाला तीन, आणि ती कुणाच्या कोणत्या फाइलमध्ये जाईल हे आपल्या हातात नाही. खोली तापवण्यासाठी आमच्याकडे वेगळे काही करावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते पाच, पंखा बंद, कॅबिनेटची झाकणे लावलेली. जे मशीन हिवाळ्यात बसवले त्याचा वेग एक पायरी कमी ठेवून द्यावा आणि उन्हाळ्यातल्या चाचणीनंतरच ठरलेल्या आकड्यावर न्यावा, ही पद्धत मी त्या फोटोंनंतर लावून घेतली आणि आजवर मोडलेली नाही.

भाषेबद्दल. ओव्हरक्लॉकिंगला मराठी शब्द शोधण्यात मी काही आठवडे घालवले. अतिवेग म्हटले तर नुसत्या गतीचा अर्थ येतो, घड्याळ हरवते. शेवटी दुकानात जो शब्द चालतो तोच ठेवला. रॅम, काडी, टायमिंग, सेल, बायोस, हँग हे शब्द कुठेही बदललेले नाहीत, कारण या पुस्तकाचा वाचक याच शब्दांत विचार करतो. समजावणे मात्र पूर्ण मराठीत आहे. दिंडोरी, सिन्नर, ओझरहून येणारी हुशार मुले इंग्रजी व्हिडिओ पाहून आकडे उतरवून घेतात आणि त्या आकड्यामागचे कारण मात्र त्यांच्या हाती लागत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. दुसऱ्याच्या मशीनचा आकडा आपल्या मशीनला लागू पडत नाही, त्याची काडी वेगळी, मदरबोर्ड वेगळा, त्याचे गाव थंड. कारण कळलेल्या मुलाला स्वतःचा आकडा शोधता येतो.

शेवटी एक विनंती. पहिले प्रकरण सुरू करण्याआधी मशीन बंद करून पुन्हा सुरू करताना बायोस उघडा आणि आज जे आकडे तिथे आहेत ते वहीत उतरवा. वेग, चारही टायमिंग, टी-रेफी, काडीचे व्होल्टेज, एसओसीचे व्होल्टेज. काही बिघडले तर परतीची वाट याच पानावर असते. प्रत्येक बदलानंतर नवी ओळ लिहा आणि तिच्यापुढे चाचणीचे तास आणि चुका. पुढच्या पानावर त्यासाठी कोरा तक्ता छापला आहे, झेरॉक्स काढून वापरावा. त्यात तारखेच्या शेजारी एक रकाना खोलीतल्या तापमानाचा आहे. माझ्या जानेवारीच्या वहीत तो रकाना नव्हता.